विशाखाची आत्या

रेघ मारा, रेघ मारा त्येच्यावर गुर्जी! इसाका न्हाई. वाचा बरं परत काय लिवलंत — हां, बगा, झालंच की! सा-का न्हाई वो, सा-खा. आन् पयलं अक्षर इ न्हाई. मी इ म्हनतीया, पन त्ये इ न्हाई. हसताय व्हय? हसा. पोरीनं सोता तुमाला नाव सांगितलं आन् पळाली शेळीमागं, खरं हाय, पन ती बी माज्यावानीच सांगती — माजं त्वांड बगत बोलाय शिकली ना ती. तिची आई आज म्हायेरी गेलीया रहाटनीला, न्हाईतर तिनं तर साखूच सांगितलं आसतं. समदी कासारवाडी साखू म्हनती. साखू तर मुळीच लिवायचं न्हाई. पाटीवरलं पुसता येतं, पन तुमच्या साळंच्या त्या मोठ्या बुकात शाईनं एकदा उतरलं का त्येच खरं, मंग म्हातारी होस्तवर पोरगी त्येच घिऊन फिरनार. बसा. घोंगडं टाकलंय. बाकीची घरं कुटं पळून चाललीत? एका नावापायी मी काय काय केलंय त्ये मलाच ठावं — म्हंजी, केलं न्हाई काय, आपलं बोलायची रीत. बसा.

तुमचा मुलूख कुटला? बार्शीकडला? तरीच. मगाशी रेल्वेच्या फाटकाशी तुमी आमच्या अर्जुनाला "काय करायलाव" म्हनलात, तवा त्यो आपला बगतच ऱ्हायला, आन् घरी यिऊन सांगतो, आक्का, नवं गुर्जी कानडी हायेत का गं? रागावू नका. त्येला आपलंच बोलनं तेवडं मराठी वाटतं. पन तुमी बारा गावचं पानी प्यालेलं मानूस, तुमाला कळंल मी काय सांगतीया त्ये. जीभ ही ज्या मातीत वळली तितंच ऱ्हाती. मानूस गाडीत बसून कुटं बी जातंय, जीभ काय तिकीट काढत न्हाई.

मी अर्जुनाची थोरली भन. सुभद्रा. पुनावळ्याला दिली हुती मला. नऊ वरसं नांदले तितं. मूल न्हाई झालं, म्हनून मालकांनी दुसरी केली, आन् तिला वरसाच्या आत ल्योक. त्या बारशाला पाळन्याला फुलं मी बांधली गुर्जी, ह्या हातांनी. नंदेनं बाळाच्या कानात नाव सांगितलं, बायकांनी तिच्या पाठीत धपाटं घातलं — तशी रीत आसती, आत्यानं नाव सांगितलं की तिच्या पाठीत धपाटं घालायचं — आन् ती आपली वाकलेली, हसतीया, आई गं आई गं करतीया. मी भिताडाला टेकून उभी. मला काय वाटलं सांगू? मला त्या धपाट्यांचा हेवा वाटला. बाळाचा न्हाई, सवतीचा न्हाई, धपाट्यांचा. दुसऱ्या दिशी गठुडं बांधलं आन् भावाकडं आले, त्येला आता बारा वरसं झाली. भाऊ चांगला हाय माजा, वाकडा सबूद न्हाई कवा. पन दुसऱ्याच्या घरात आपलं म्हनून काय आसतं वो? चूल तिची, पोळपाट तिचं. एक आत्याचा मान तेवडा माजा. त्यो कुनी काढून घिऊ शकत न्हाई आसं मला वाटायचं.

कौशल्येला, म्हंजी अर्जुनाच्या बायकूला, दिवस ऱ्हायलं, तवापास्नं मी नाव धुंडत हुते. गल्लीत चार सोनक्या, तीन गंग्या, दोन येसा. मला तसलं नगं हुतं. मंग चिंचवडच्या देवाच्या जत्रंला गेले, तर तितं हरदासबुवा कीर्तनात राधेच्या सख्या सांगत हुते — एक ललिता, आन् दुसरी ही. ललिता स्टेशनमास्तराच्या पोरीचं नाव, म्हनून त्ये नगं. दुसरीचं म्या पदरात बांधल्यावानी घरी आनलं. पाच म्हयनं कुनाला सांगितलं न्हाई. धुनं धुताना, दळताना, मनातल्या मनात म्हनायची. आन् मनात त्ये अगदी बुवांनी म्हनल्यावानी वाजायचं बगा, गोड, मऊ, काय बी चूक न्हाई. मोठ्यानं कवा म्हनलंच न्हाई. चुकलं त्ये तितंच.

बारशाला समदी आळी जमली. मी पाळन्यात वाकले, बाळाच्या कानात सांगितलं, आन् मान वर करून समद्यांना सांगितलं — इसाखा. मला सोताला बी आयकू आलं की ह्ये त्ये न्हवं. पन तोंडातनं गेलेलं कुटं माघारी येतंय? मंग ती अंबुबाई, पल्याडल्या घरातली म्हातारी, कानाला हात लावून म्हनती, "काय गं सुभद्रे? ईस खा? ईस काय खायाचं, घुगऱ्या का लाडू?" आन् जी हसू लागली, तिच्यामागं समद्या. बाळंतीन बी हसली. मी परत म्हनले, अजून मोठ्यानं. अजून हसल्या. आन् तवा मागनं इंदू म्हनाली.

इंदुताई म्हंजी आमची भाडेकरू. पडवीलगतच्या खोलीत ऱ्हायची. नवरा यशवंतराव, सुतार. पिंपरीत ती औषधाची कंपनी बांधत हुते ना तवा, त्या कामावर आलेला, तिकडं कोकनातनं, संगमेश्वराकडनं. मूलबाळ त्येंना बी न्हवतं. ती नाकातनं बोलायची, आन् सारखं गो गो करायची. ती मागनं म्हनती, "अगो, राधेची सखी ती! कित्ती गोड नाव काढलंत हो आक्का!" आन् त्ये नाव तिनं म्हनलं. एकदाच. गुर्जी, काय सांगू तुमाला — त्येच. माज्या मनातलं. बुवांचं. जसंच्या तसं तिच्या तोंडातनं बाहीर आलं. समद्या आय्या म्हनाल्या, लई चांगलं हाय की गं, आन् त्या अंबुबाईनं धपाटा घातला, त्यो कुनाच्या पाठीत? इंदूच्या! माजी पाठ आपली तशीच, वाकलेली, पाळन्यावर. दुसऱ्या दिशी नदीवर बाया काय म्हनत हुत्या ठावं हाय? अर्जुनाच्या पोरीचं नाव त्या कोकनीनीनं ठिवलं.

जळत हुते का मी? न्हाई वो. मला का जळायचं. निस्तं वाटायचं की तिनं बाकी काय बी घ्यावं, ह्येच कशाला घ्यावं. ती सकाळी खोलीचं दार उघडायची, आन् आंगनातनं हाक घालायची पोरीला, लांबट, शेवटाला हेल काढून, आन् पाळन्यात पोरगी पाय झाडाय लागायची. माज्या हाकंला पाय न्हाई झाडायची. मी म्हनायची लहान हाय, तिला काय कळतंय. मंग ती नऊ म्हयन्यांची झाली, रांगाय लागली, तवा एक दिस अर्जुनाला गंमत सुचली. आंगनात मधी बसिवलं पोरीला. हिकडं मी, तिकडं इंदू. म्हनला, घाला हाका, बगू कुनाकडं जाती. मी पयल्यांदा घातली. पोरीनं माज्याकडं बगितलं — बगितलं बरं का — आन् मंग इंदूनं घातली, आन् ही गर्रकन वळून, गुडगं खरवडत, तुरुतुरु तिच्याकडं! समदी हसली. मी बी हसले. मंग गोठ्यात गेले, आन् म्हशीला उगाच येसनीला हिसडा दिला. मुकं जनावर. तिचा काय गुन्हा?

तवापास्नं मी नदीवर एकलीच जाय लागले. पवनामाईला, दुपारचं, कुनी नसताना. धुनं आपटायचं आन् म्हनायचं. आधी ओठ दातानं धरायचा, आसं, आन् मंग हवा सोडायची. बगा — व्ह... व्हि... न्हाई, त्ये तसं न्हाई. आत्ता बी न्हाई आलं. एकदा आलं हुतं, खोटं न्हाई सांगत, एकदा नीट आलं, पन आयकाय कुनी न्हवतं, आन् घरी येस्तवर परत इ. अंबुबाईनं बगितलं मला दगडाशी त्वांड वाकडं करताना, आन् गावात सांगितलं की सुभद्रेला नदीवरलं कायतरी लागीर झालंय. अर्जुनानं लिंबू उतरला माज्यावरनं. मी उतरू दिला. काय सांगनार हुते? की तुज्या पोरीचं नाव घोकत हुते?

तसं बगितलं तर इंदू वाईट न्हवती. सांगायचं म्हंजी सांगायलाच पायजे. तिला वाटायचं मला बरं वाटावं. एकदा माज्याजवळ बसून म्हनती, "आक्का, मी सांगत्ये तसं म्हणा" — आसं म्हनली ती, तिच्या बोलीत — "आधी ओठ हलके ठेवायचे." आन् माज्या ओठाला बोट लावून दाखवाय लागली. गुर्जी, मी तिचा हात झाडला. थोरल्या बाईच्या तोंडाला हात लावती! तिचं त्वांड एवडुसं झालं. मंग म्हनाली, ऱ्हाऊ दे आक्का, तुमच्या तोंडचं पन चांगलं वाटतं. मला वाटलं टोमना मारती. तुमाला काय वाटतं? टोमनाच न्हवं त्यो?

पोरगी तिसऱ्या वरसात गेली. दिवसभर त्या खोलीत. ती बोलाय लागली त्ये गो गो करत. मला म्हनायची, "आत्या गो, भात दे." अर्जुनाच्या घरात, बाजरीच्या भाकरीवर वाढलेल्या घरात, गो! कौशल्येला कौतुक. मला रातच्याला झोप येत नव्हती. आन् त्या यशवंतरावाला हुता खोकला. लाकडाचा भुसा जातो ना नाकातोंडात दिवसभर, त्येचा खोकला. पान खायाचा वर. एक दिस वळनीवर त्येचा रुमाल वाळत हुता, त्येला तांबडा डाग. धुतलेला, फिका. मी घरात आले, अर्जुन जेवत हुता, आन् मी म्हनले — मी न्हाई, माज्या तोंडातनं आलं — अर्जुना, त्येच्या रुमालाला रगत लागलंय. पोर रोज त्येच्या मांडीवर बसती.

अर्जुनाचा घास हातात ऱ्हायला. क्षयाचं नाव काडलं की मानूस पांढरं हुतं, तुमाला ठावं हाय. त्यो म्हनला, तू बगितलंस? मी म्हनले, ह्या डोळ्यांनी. आन् डाग बगितला हुता की मी. डाग हुताच. कसला त्ये त्येनं इचारलं न्हाई.

त्येनं बी त्येंना तसं तोंडावर न्हाई सांगितलं. भला मानूस. म्हनला, आमाला खोली लागतीया, धाकल्या मेव्हन्याला ऱ्हायाला यायचंय. परवा सकाळपत्तूर. यशवंतराव म्हनला, बरं. निस्तं बरं. पन गावात काय झाकून ऱ्हातंय? कौशल्या अंबुबाईपाशी बोलली, अंबुबाई समद्यांपाशी. पिंपरीत गेले, तितं खोली न्हाई. दापोडीला गेले, न्हाई. जिकडं जातील तिकडं त्येंच्या आधी खोकला पोचलेला. पंधरा दिस कुनाच्या तरी वखारीत काडलं, आन् मंग कोकनात माघारी गेले. चांगलं लागलेलं काम सोडून. स्टेशनावर सोडाय कुनी गेलं न्हाई. मी गेले हुते. सामोर न्हाई गेले, नळाच्या मागं उभी ऱ्हायले. गाडी आली, त्या दोघांनी टरंक चढिवली, आन् इंदू डब्यात शिरताना मागं वळून बगत हुती. पोरीला कुनी आनलंय का बगत आसंल. मला काय वाटलं त्ये इचारू नका. मला हलकं वाटलं. चार दिस वाटलं. पोरगी त्या रिकाम्या खोलीच्या दाराशी बसायची, मंग बसायची बंद झाली. मंग हळूहळू गो बी गेलं तिच्या तोंडातनं. आन् एक दिस आंगनात कुनीतरी नाव इचारलं, तर माजी पोर ताठ उभी ऱ्हाऊन म्हनती — इसाखा. अगदी माजं. हुबेहूब माजं. मी जिंकले म्हना.

आन् आज तुमी आलात, आन् तिच्या तोंडनं आयकून इसाका लिवलंत, आन् गालात हसलात. न्हाई, मी बगितलं. तुमी हसलात. उद्या साळंत पन्नास पोरं हसतील. ईस खा, तीस खा. म्हनून म्हनते, नीट लिवा. माज्या तोंडनं नगा लिवू. थांबा, हाय माज्याजवळ. लिवलेलं हाय. देवाच्या फोटूमागं ठिवलंय, आत्ता आनते.

ह्ये घ्या. पोष्टाचं कार्ड. मागच्या शिमग्यात आलं. अर्जुन रानात हुता, म्हनून पोष्टमननं माज्या हातात दिलं, म्हनला, कोकनातनं हाय आक्का, पोरीच्या नावावर. वाचून दावू का म्हनला, मी म्हनले नगं. कुनालाच न्हाई दावलं. आता मला सांगा, काय लिवलं आसंल तिनं? शिव्याच आसतील. तिला कळलं आसंल कुनी सांगितलं त्ये. पत्त्यात पोरीचं नाव हाय, तेवडं बगा, आन् उतरून घ्या तसंच्या तसं. म्हना बरं एकदा मोठ्यानं, म्हंजी मला कळंल.

...व्हय! त्येच! त्येच नाव गुर्जी! बगा, तुमच्या तोंडनं पयल्या झटक्यात आलं. बार्शीच्या मानसाला आलं. मी एवडी वरसं नदीचं दगड झिजिवलं, आन् तुमाला वाटंवर सापडल्यावानी! लिवा. लिवलंत? मंग द्या कार्ड हिकडं. पाठ उलटू नका. गुर्जी, उलटू नका म्हनते ना, निस्ता पत्ता — उलटलंत? बरं. आता वाचलंच आसंल तुमी. शिव्याच ना?

न्हाईत? मंग?

मुलगी झाली. कुनाला, इंदूला? मार्गेसरात. आस्सं. तिला बी झाली. लग्नाच्या बारा वरसांनी झाली. समद्यांना हुत्यात बया, येकेक करून समद्यांना हुत्यात. वाचा, थांबू नका. ह्येंचा खोकला तिकडला भुसा सुटल्यापास्नं गेला... हां. आमाला अचानक जायाला का सांगितलंत त्ये समजलं न्हाई, पन आमचंच काय चुकलं आसंल... आमचंच? आसं लिवलंय? आमचंच?

म्होरं. सावकाश वाचा. बारशाला आत्या नव्हती... म्हनून मीच कानात सांगितलं. आक्कांनी काढलेलं नाव, आक्का म्हनायच्या तस्संच. काय? तस्संच म्हंजी? काय नाव लिवलंय? परत वाचा. न्हाई, तुमी तुमच्या मनानं म्हनू नका, तिनं काय काढलंय त्ये सांगा. पयलं अक्षर कोनतं? इ? खरंच इ? तिला तर समदं येत हुतं, नीट येत हुतं, मंग इ कशाला? बोट ठिवा बरं त्येच्यावर. ह्यो? ह्यो वाकडा, शेपटीवाला? ह्यो इ आसतो व्हय.

घरात सगळी तिला आशीच हाक मारतात. हूं. म्हंजी तिकडं समुद्रावर एक पोर हाय, आन् तिला माज्या तोंडानं हाका मारत्यात. आन् मी हितं... तुमी तर म्हनला न्हाई ना, तुमाला काय वाटलं, त्यो टोमना हुता का? त्या दिशीचा? न्हाई वाटत. मला बी आता...

काय म्हनता? जबाब लिवून द्याल? आत्ता? हाय तुमच्यापाशी कोरं कार्ड? बरं. लिवा. चि. सौ. इंदूस, सुभद्रा आक्काचा आशीर्वाद. पोरीला बगावं वाटतं. लिवा. यशवंतरावांचा त्यो रुमाल, वळनीवरला, त्येच्यावर त्यो डाग... त्यो डाग पानाचा...

आसं काय बगताय माज्याकडं? कसला डाग? म्या कुटं काय म्हनले? तुमाला आयकाय चुकलं, तुमच्या मुलखात येगळं आयकू येत आसंल. फाडा त्ये कार्ड. न्हाई, मला द्या, मी फाडते. आन् तिचं बी द्या. अर्जुन येतोय बगा फाटकाकडनं, त्येला ह्यातलं काय — गुर्जी, तुमच्या पाया पडते. नाव लिवलंत ना नीट? मंग झालं तुमचं काम. उठा. उठा म्हनते ना.